जुनी गॅलॅक्टिका आणि पंचगंगेचा पूर

"मामा, जुनी गोड आहे, पण नवीन खरी आहे," भाचा म्हणाला आणि रंकाळ्याच्या कठड्यावर आमची भेळ हातातच राहिली.

विषय होता 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'. या एकाच नावाच्या दोन अमेरिकी विज्ञानमालिका आहेत. पहिली १९७८ सालची, ग्लेन लार्सनची. दुसरी रोनाल्ड मूरची. डिसेंबर २००३ मध्ये दोन भागांच्या लघुमालिकेने ती सुरू झाली आणि २००९ पर्यंत चालली. गोष्टीचा सांगाडा दोन्हीकडे सारखाच. माणसांच्या बारा वसाहती, सायलॉन नावाच्या यंत्रमानवांशी जुनं वैर, एका तडाख्यात सगळं बेचिराख, आणि उरलीसुरली माणसं मिळेल त्या यानात बसून एका युद्धनौकेच्या मागोमाग पृथ्वी नावाचं ऐकीव घर शोधायला निघालेली. भाच्याने नवी पूर्ण पाहिली आहे, दोनदा. जुनीचे पहिले पाच भाग पाहून सोडून दिली.

तो 'चांगली' म्हणाला असता तर मी वाद घातला नसता. आवडीनिवडी असतात. पण 'खरी' हा शब्द सोडून देण्यासारखा नाही, कारण तो हल्ली या एका मालिकेपुरता वापरला जात नाही. जुनी गोष्ट नव्याने करायची म्हटलं की आधी तिच्यातला उजेड कमी करतात, माणसं कडवट करतात, कुणाचा कुणावर विश्वास राहू देत नाहीत, आणि मग सांगतात की आता ही गोष्ट मोठ्यांची झाली. आपल्याकडच्या पडद्यावरही हेच चाललं आहे. चित्र राखाडी झालं, नायकाच्या तोंडी शिवी आली की कौतुकात 'वास्तववादी' हा शब्द ठरलेला. माणूस संकटात सापडला की त्याच्यातलं जनावर बाहेर येतं आणि तेच त्याचं खरं रूप, असं या कौतुकात गृहीत धरलेलं असतं. मला हे मान्य नाही. का मान्य नाही ते सांगताना मी जुन्या गॅलॅक्टिकावरच्या माझ्या प्रेमाचा आधार घेणार आहे.

माझे धाकटे काका मस्कतला होते. बापूकाका. १९८७ च्या मे महिन्यात ते सुट्टीवर आले ते व्हीसीआर आणि अकरा कॅसेट घेऊन. तिथल्या कुणा सहकाऱ्याने टीव्हीवरून भरून दिलेल्या त्या कॅसेट होत्या. मध्येच जाहिराती यायच्या, मध्येच चित्र फाटायचं. शिवाजी पेठेतल्या आमच्या माडीवर रात्री जेवणं झाली की गल्लीतली पोरं जमायची. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं. काका खुर्चीत बसून कोल्हापुरीत सांगायचे. सायलॉन सैनिक आपल्या वरिष्ठाला प्रत्येक हुकुमानंतर खरखरीत आवाजात 'बाय युवर कमांड' म्हणतो. काकांनी त्याचं 'जी सरकार' केलं, आणि ते आमच्या गल्लीत पुढे दोन वर्षं टिकलं. सायलॉनच्या चेहऱ्यावर एक लाल दिवा या कानापासून त्या कानापर्यंत फिरत असतो. तो करायला आम्ही तेलाचा पत्र्याचा डबा कापून डोक्यात घातला आणि आत बॅटरीवर लाल जिलेटीन लावलं. त्या पत्र्याची खूण माझ्या डाव्या गालावर आजही आहे.

आजी मागे जपमाळ घेऊन बसायची. वसाहतींची नावं बारा राशींवरून घेतलेली आहेत हे काकांनी तिला सांगितलं. कॅप्रिका म्हणजे मकर, तसंच बाकीच्यांचं. पहिल्याच कॅसेटमध्ये कॅप्रिका पेटली तशी आजीने विचारलं, "आणि कुंभेचं?" तिची रास कुंभ. काका म्हणाले, "सगळीच गेली, आई." आजीची माळ थांबली. "मग आता या माणसांनी जायचं कुठं?"

आजीचा हा प्रश्न म्हणजेच सगळी मालिका. कोण जिंकणार, गुप्तहेर कोण, हे नंतरचं. घर गेलेल्या माणसांनी जायचं कुठे आणि जाताना एकमेकांशी वागायचं कसं, हे त्या जुन्या मालिकेला विचारायचं होतं.

ती पोरकट होती, हा आरोप तिच्यावर पहिल्यापासून आहे. तर मग त्या पहिल्या भागात काय घडतं ते पाहू. १७ सप्टेंबर १९७८ च्या रात्री अमेरिकेत तीन तासांचा हा भाग दाखवला गेला. त्याच रात्री कॅम्प डेव्हिडच्या करारावर सह्या झाल्या आणि ती बातमी दाखवायला प्रक्षेपण मध्येच थांबवावं लागलं. पडद्यावर मात्र शांततेच्या तहाच्या नावाखाली माणसांची सगळी युद्धनौका-सेना एका जागी गोळा करून कापली जात होती. गॅलॅक्टिकाचा प्रमुख अ‍ॅडामा याचा धाकटा मुलगा झॅक त्या हल्ल्यात मरतो. थोरला अपोलो त्याच्या सोबत असतो, पण धोक्याची खबर द्यायला त्याला भावाला मागे टाकून यावं लागतं. अ‍ॅडामाची बायको घरी, कॅप्रिकावर, मरते. तो म्हातारा माणूस जळक्या घरात उतरतो आणि तिचा फोटो हातात घेऊन उभा राहतो. लॉर्न ग्रीन या नटाने तिथे आवाज चढवलेला नाही, चेहरा वेडावाकडा केलेला नाही. नंतर अपोलो ज्या बाईशी लग्न करतो ती सेरिनाही लवकरच गोळी लागून मरते आणि तिचा लहान मुलगा, बॉक्सी, त्याच्या पदरात येतो. हे पोरकट असेल तर मोठ्यांचं म्हणजे नेमकं काय?

मालिकेतल्या उणिवा मला ठाऊक आहेत. भागामागे सुमारे दहा लाख डॉलर खर्च होऊनही लढाईची तीच ती दृश्यं फिरवून फिरवून वापरली आहेत. एकच सायलॉन विमान मी निदान पन्नासदा फुटताना पाहिलं आहे. काही भाग तर अमेरिकी घोडेस्वारांचे जुने चित्रपट अवकाशात नेऊन ठेवावेत तसे आहेत. एका हंगामात मालिका बंद पडली. त्यानंतर १९८० मध्ये जे जोडकाम झालं त्याबद्दल न बोललेलं बरं.

आता नवीबद्दल. तिची थोरवी मी नाकारत नाही आणि नाकारूही नये. सायलॉन तिथे माणसांनीच बनवलेले आहेत आणि हुबेहूब माणसांसारखे दिसतात. शेजारचा माणूस माणूसच आहे ना, ही भीती सगळ्या मालिकेभर आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरची अमेरिका तिच्यात स्वतःला पाहत होती. तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला तर माणसंच व्यापलेल्या भूमीत अडकतात आणि तीच आत्मघाती स्फोट घडवतात. इराकमध्ये सैन्य असताना अमेरिकी टीव्हीवर हे दाखवायला छाती लागते. मार्च २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या मालिकेवर चर्चा झाली ती उगाच नाही. देशद्रोही बाल्टार जुनीत नुसता सत्तेचा लोभी खलपुरुष आहे. नवीत तो एक बुद्धिमान, घमेंडखोर, भित्रा शास्त्रज्ञ आहे, आणि तो बदल मला सरळ सरळ सरस वाटतो. स्टारबक हा वैमानिक नवीत बाई झाला म्हणून पुष्कळ जुन्या चाहत्यांनी आरडाओरडा केला. माझी ती तक्रार नाही. जुन्या मालिकेतही पुरुष वैमानिक आजारी पडल्यावर बायकांनीच लढाऊ विमानं हाती घेतली होती.

तक्रार आहे ती 'वास्तववादा'बद्दल. मूर यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं होतं की आपली विज्ञानकथा वास्तवाला धरून असेल. कॅमेरा खांद्यावरचा, हलता. माणसं चुकणारी, थकलेली. इथवर ठीकच. पण मालिका पाहताना लक्षात येतं की माणूस थकलेला दाखवणं आणि माणूस सडलेला दाखवणं यातली रेघ ती वारंवार ओलांडते, आणि प्रत्येक वेळी एकाच बाजूला.

केनचं उदाहरण घ्या. दोन्हीकडे एक कथा अशी आहे की हरवलेली समजलेली दुसरी युद्धनौका, पेगासस, अचानक भेटते. जुनीत तिचा प्रमुख केन हा गर्विष्ठ, लढाईला चटावलेला सेनानी आहे. अ‍ॅडामाला निर्वासितांना जपत पुढे जायचं आहे, केनला वळून शत्रूच्या शहरावर धडक मारायची आहे. दोघांत जुंपते. दोघांचंही काही बरोबर आहे, हे बघणाऱ्याला कळतं. शेवटी केन आपली एकटी नौका शत्रूच्या नौकांवर घालतो, म्हणजे मागच्या लोकांना निसटायला वेळ मिळावा. त्याचं पुढे काय झालं ते कुणालाच कळत नाही. नव्या मालिकेत केन बाई आहे. तिला वाटेत निर्वासितांची याने भेटली होती. तिने त्यांची इंजिनं काढून घेतली, कामाची माणसं उचलली, आडवे आले त्यांची बायकापोरं गोळ्या घालून मारली आणि बाकीच्यांना अवकाशात मरायला सोडून दिलं.

भाच्याचं म्हणणं, संकटात असंच होतं. सेनापती असाच वागतो. "मामा, ते जुनं केन प्रकरण म्हणजे पोवाडा आहे."

आम्ही पोवाड्याच्या गावचे आहोत, पण तो मुद्दा बाजूला. संकटात काय होतं याबद्दल मला थोडं ठाऊक आहे, आणि कोल्हापुरात राहणाऱ्या पुष्कळांना ठाऊक आहे.

राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका. दरवर्षी पाणी चढायला लागलं की पहिल्यांदा सुतारवाडा हलतो. तिथली कुटुंबं भांडीकुंडी घेऊन चित्रदुर्ग मठात येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ मध्ये पुन्हा तेच. २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग दिवसच्या दिवस बंद होता. शहराला पाणी देणारे पंपच पाण्याखाली गेले होते. चहूकडे पाणी आणि नळ कोरडे. आमचं घर उंचावर, म्हणून आम्ही काही जण एका शाळेत उतरवलेल्या पूरग्रस्तांसाठी राबत होतो. मी तिथे सात दिवस होतो.

चिखलीकडून बोटीने आणलेल्या एक आजी होत्या. सत्तरी ओलांडलेल्या. घरच्या तीन म्हशी पाण्यात मोकळ्या सोडून आल्या होत्या. बांधलेल्या ठेवल्या असत्या तर बुडाल्या असत्या, सोडल्या तर पोहून कुठेतरी माळ गाठतील, एवढाच आधार. बोटीत चढताना त्यांनी काय आणलं? गाठोडं मुलाकडे होतं. त्यांच्या हातात एक दावं होतं. काथ्याचं, ओलं, शेणाच्या वासाचं. शाळेच्या वर्गात त्या फळ्याखाली बसायच्या आणि ते दावं मांडीवर असायचं. झोपताना मनगटाला गुंडाळून झोपायच्या. सकाळी उठलं की पहिला प्रश्न, "पानी किती उतरलं?" तिसऱ्या दिवशी त्या उठून शाळेच्या आवारात मांडलेल्या चुलीपाशी आल्या. म्हणाल्या, "हात रिकामं ठिवून काय करू?" आणि भाकऱ्या थापायला बसल्या. दावं कमरेला खोचलेलं. शंभर-सव्वाशे माणसांच्या भाकऱ्या रोज व्हायच्या, शिवाय कुठकुठल्या गावांतून फडक्यात बांधलेल्या चवडी यायच्या. घडीच्या भाकरीत ठेचा आणि कुणीतरी हळूच ठेवलेला कांदा. शिरोलीला अडकलेल्या ट्रकवाल्यांना, ज्यांची भाषाही कळत नव्हती त्यांना, लोक डबे नेऊन देत होते.

तिथे वाईट काहीच घडलं नाही असं नाही. पाण्याच्या बाटल्या दुप्पट भावाने विकणारे होते. मदतीच्या ट्रकवर चढून किट पळवणारे होते. आमच्याच शाळेत, पूर ज्यांच्या दाराशीही आला नव्हता असं एक कुटुंब ब्लँकेटसाठी रांगेत उभं राहिलं, आणि त्यावरून मारामारी झाली. मी ते विसरलेलो नाही. पण जुन्या गॅलॅक्टिकाच्या पहिल्याच भागात नेमकं हेच आहे. बाकीच्या यानांत पोरं उपाशी आहेत आणि युरी नावाचा एक बडा माणूस आपल्या आलिशान यानात अन्न दडवून मेजवान्या झोडतो आहे. अपोलो आणि स्टारबक तिथे घुसून ते अन्न ताब्यात घेतात आणि वाटायला लावतात. लोभ जुन्या मालिकेलाही दिसला होता. तिने त्याला गोष्टीत त्याच्या मापाची जागा दिली. साठेबाज एक आणि भाकरी थापणारे शंभर, हे प्रमाण तिने चुकवलं नाही. २०१९ ला माझ्या डोळ्यांसमोर तेच प्रमाण होतं. मग खरी कुठली?

आणि ते कुत्रं. जुन्या मालिकेची सगळ्यात जास्त टिंगल झाली ती मफिटमुळे. छोट्या बॉक्सीचं कुत्रं हल्ल्यात मरतं. पोरगं कुणाशी बोलत नाही, खात नाही, झोपत नाही. तेव्हा अपोलोच्या सांगण्यावरून यानावरचे शास्त्रज्ञ त्याला एक यांत्रिक कुत्रं बनवून देतात. त्याच्या आत एक चिंपांझी होता, म्हणून ते कुत्र्यासारखं चालतही नाही. समीक्षकांनी याच कुत्र्याकडे बोट दाखवून मालिका बालिश ठरवली. मला विचाराल तर हा त्या मालिकेतला सगळ्यात शहाणा प्रसंग आहे. इंधन संपत आलंय, अन्न नाही, शत्रू पाठीवर. आणि तशातही त्या लोकांना वाटतं की एका पोराचं कुत्रं ही करण्यासारखी गोष्ट आहे. पुरात जनावराशिवाय बोटीत चढायला नकार देणारी माणसं ज्याने पाहिली आहेत त्याला हे बालिश वाटणार नाही. बचाव पथकातल्या एका जवानाने वासरू उचलून आधी बोटीत ठेवलं तेव्हा कुठे त्याची मालकीण चढली, हेही मी पाहिलं.

नव्या मालिकेतही बॉक्सी आहे. सुरुवातीला दिसतो, एखाददुसऱ्या भागात असतो, आणि मग कधीतरी दिसेनासा होतो. त्याचं काय झालं ते कुणी सांगत नाही. इतक्या बारकाईने लिहिलेल्या मालिकेत एक अनाथ मूल लेखकांच्या हातून हरवतं, आणि त्याची कुणाला फारशी चुकचुकही लागत नाही. मला ती लागली.

नव्या मालिकेत एक जागा अशी आहे जिथे मी भाच्याइतकाच गप्प होतो. पहिला भाग, '३३'. सायलॉन दर ३३ मिनिटांनी हल्ला करतात, पाच दिवस कुणाला झोप नाही. राष्ट्राध्यक्ष लॉरा रॉझलिनच्या यानात एका फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहिलेला आहे आणि तो सारखा उतरतो आहे. शेवटी कळतं की ताफ्यात एक मूल जन्मलं. ती उठते, पुसते आणि एकाने वाढवून लिहिते: ४७,९७३. या भागाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. नवी मालिका ज्यांना आवडते त्यांना विचारा, बहुतेक जण हाच प्रसंग सांगतील. तो अंधाराचा प्रसंग नाही. आजीने विचारलेल्या प्रश्नाला नव्या मालिकेने दिलेलं ते सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे, आणि ते थेट जुन्या मालिकेच्या काळजातून आलेलं आहे. म्हणजे नवीलाही तिच्या उत्तम क्षणी जुनीकडेच जावं लागलं. तिच्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र आहे हे आपल्याकडच्या पुष्कळांना माहीत नसतं. सूर्याच्या तेजाने आमच्या बुद्धीला चालना मिळो, असं मागणारा मंत्र. दर भागाच्या सुरुवातीला ते शब्द ऐकताना मला वाटायचं, मालिकेने आपल्याच प्रार्थनेवर थोडा अधिक विश्वास ठेवायला हवा होता.

प्रश्न एका मालिकेचा असता तर इतकं लिहिलं नसतं. नवी आवृत्ती निघते तेव्हा जुनीचं काय होतं, हा माझा खरा सवाल आहे. तिचं नाव घेतलं जातं ते नवीची उंची दाखवण्यापुरतं. 'मूळ मालिका भाबडी होती, पण' या 'पण'नंतर तिच्याकडे पुन्हा कुणी वळत नाही. आणि वळायचं म्हटलं तरी ती हाताशी असावी लागते. कोल्हापूरकरांनी हे आपल्या घरात सोसलेलं आहे. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट केला. १९३६ मध्ये त्यांनीच त्याचा बोलपट केला. दोन्ही एकाच कलावंताची निर्मिती, याच मातीतली. मूकपट आज आपल्याला पाहायला मिळत नाही. कुठला सरस हा वाद घालण्याचाही हक्क आपल्याकडे उरला नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा मी खासबागेच्या बाजूला गर्दीत उभा होतो. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं थिएटर. गर्दीत नट होते, तंत्रज्ञ होते, आयुष्यात एकदाच शाळेच्या संमेलनात त्या रंगमंचावर चढलेली माणसंही होती. दुसऱ्या दिवसापासून शहरात एकच मागणी होती: होतं तसंच बांधा. नव्या सोयी आणू नका असं कुणी म्हणत नव्हतं. अग्निरोधक साहित्य वापरा, यंत्रणा आधुनिक करा, सगळं करा. पण जुन्या नटाने आत पाऊल टाकलं तर त्याला ओळख पटली पाहिजे. पुनर्निर्मितीचा याहून चांगला नियम मला सुचत नाही. दगडविटांच्या वास्तूला आपण जो मान देतो तो गोष्टीला का देऊ नये? नवं करणाऱ्याने हवं ते बदलावं. सायलॉन माणसासारखे करावेत, स्टारबक बाई करावी. फक्त आजीचा प्रश्न बदलू नये. 'या माणसांनी जायचं कुठं' याच्या जागी 'या माणसांतलं कोण आधी घात करणार' हा प्रश्न आला की वास्तू दुसरीच झाली. तिला दुसरं नाव द्यावं, तिची स्वतंत्र थोरवी मी सगळ्यांत आधी मान्य करीन.

जुनीतला अपोलो, म्हणजे रिचर्ड हॅच, मालिका पुन्हा जुन्याच धाग्यावर सुरू व्हावी म्हणून वर्षानुवर्षं झटला. स्वतःचे पैसे घालून त्याने एक झलकपटही बनवला. ते झालं नाही. मग नवी मालिका आली तेव्हा त्याने तिच्यात टॉम झॅरेक या बंडखोराची भूमिका घेतली आणि उत्तम केली. २०१७ मध्ये तो गेला. जुन्यावर प्रेम करत नव्याच्या घरी जाऊन काम करायला मन मोठं लागतं. नव्याच्या चाहत्यांनीही एवढं मोठं मन करून जुनीचे सगळे भाग बसून पाहावेत. पाच नव्हे, सगळे.

तेच मी भाच्याला सांगितलं. रविवारी रात्री आमच्या त्याच माडीवर शेवटचा भाग लावला. २९ एप्रिल १९७९ ला तो पहिल्यांदा दाखवला गेला होता. बापूकाकाही वर आले, जिना चढताना दोनदा थांबून. त्यांच्या अकरा कॅसेटमध्ये हा भाग नव्हता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो ते पहिल्यांदा पाहत होते.

त्या भागात अपोलोला नौकेच्या माथ्यावर एक विसरलेला जुना घुमट सापडलेला असतो, ताऱ्यांवरून वाट काढायच्या काळातला. तिथल्या जुनाट यंत्रावर अगदी अंधूक असे संकेत कुठूनतरी येत असतात. लढाई होते, जिंकतात. शेवटी अपोलो आणि स्टारबक पुन्हा त्या घुमटात येतात, यंत्राशी थोडी खटपट करतात, काही मिळत नाही. दोघे पाठ फिरवतात. आणि रिकाम्या घुमटात पडदा उजळतो: काळं-पांढरं, थरथरणारं चित्र, १९६९ मधलं आपल्या पृथ्वीवरचं चांद्रयान, 'ईगल' म्हणजे गरुड उतरल्याचं सांगणारा आवाज. ते पाहायला तिथे कुणी नसतं.

काका १९६९ ला अठरा वर्षांचे होते. चंद्रावर माणूस उतरल्याची बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली होती, हे ते आम्हाला लहानपणी सांगायचे. तो आवाज आला तसे ते खुर्चीत पुढे सरकले. "आरं, ही आपलीच माणसं की," म्हणाले. आणि मग पडद्याकडे हात करून, अपोलो आणि स्टारबकला, गल्लीत हाक मारावी तशा आवाजात: "मागं बघा की रं! मागं बघा!"

भाच्याने चित्र थांबवलं नाही.